हमिंगबर्डांची साखर

त्या घरात मतं पुष्कळ होती, पण हमिंगबर्डांना काय पाजायचं याबाबत एकच मत चालायचं, आणि ते एल्डनचं. मध नाही, मधाने त्यांच्या जिभेवर बुरशी धरते. तपकिरी साखर नाही, ती त्यांना बाधते. दुकानातलं लाल रंगाचं पाणी तर डोळ्यांसमोरही नको. चार वाट्या पाणी, एक वाटी साधी पांढरी साखर, ढवळायचं, गार करायचं आणि बाटलीत भरायचं. जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतीवर उभा राहिलेला हा माणूस स्वतःचं एक पथ्य धड पाळत नव्हता, पाखरांचं मात्र तंतोतंत पाळायचा.

त्याचं पथ्य त्याच्या वतीने त्याची बायको नॉरीन पाळायची. त्याचा खाक्या असा, की रोज सकाळी मधुमेहावरची इन्सुलिनची सुई घ्यायची आणि वर कॉफीत तीन चमचे साखर ढकलायची. तिने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, मुलीला त्याला फोनवर झापायला लावलं. शेवटी नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंगचं जेवण आटोपलं तशी तिने घरातला जॅम, ज्यूस, बिस्किटं सगळं हलवलं. ओट्यावरच्या बरणीतली साखर काढली आणि तीत खोटी साखर भरली. दिसायला तीच, दाणा तोच, चवही जवळपास तीच, आणि अंगी लागायला शून्य. एल्डनला पत्ता लागला नाही. उलट "हल्ली कॉफी फक्कड होतेय," म्हणाला, तेव्हा नॉरीनला आपल्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की दिवसभर ती गुणगुणत होती. पाखरांची साखर शेडमधल्या मोठ्या पिशवीत वेगळी असायची, म्हणून त्या बाजूने तिला घोर नव्हता.

जानेवारीत खोऱ्यावर बर्फाचा पाऊस पडला आणि सगळं काचेसारखं गोठलं. रस्ते बंद झाले. ही पाखरं हिवाळ्यात कुठे जात नाहीत, इथेच राहतात, आणि अशा दिवसांत ना फूल ना किडा. त्यांची सगळी भिस्त बाटलीवर. एल्डन रात्री बाटली घरात आणायचा, उजाडायच्या आत परत टांगायचा आणि गोठू नये म्हणून खाली दिवा लावून ठेवायचा.

"बघ तरी," तो खिडकीला नाक लावून म्हणाला. "शेरिफ बाटली सोडायला तयार नाही. माझ्या हाताची चव लागलीय लेकाला!"

शेरिफ म्हणजे गुलाबी गळ्याचा नर. एरवी दुसऱ्या कुणाला बाटलीजवळ फिरकू द्यायचा नाही. आज त्याच्या दोन्ही बाजूंना माद्या बसल्या होत्या आणि तो मान वर करत नव्हता. पीत होता, थांबत होता, पुन्हा पीत होता.

"भांडत का नाहीयेत रे?" नॉरीनने विचारलं.

"थंडी आहे. थंडीत सगळे शहाणे होतात."

"तू नाही झालास तो!"

पण तिला ते दृश्य आवडलं नाही. इतकं पिऊन पाखरू उडत का नाही, हे तिला कळेना, आणि कळत नाही म्हणून आणखीच भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मादी बाटलीखाली पडलेली सापडली. एल्डनने तिला ओंजळीत घेतलं, तोंडाची वाफ दिली, चोच बाटलीच्या भोकाला लावली. ती प्यायली. खूप वेळ प्यायली. आणि पिता पिताच त्याच्या हातात मेली, जीभ बाहेर काढून.

तो आत आला, सिंकमध्ये हात धुतले. मग म्हणाला, "पातळ होत असेल. एवढ्या थंडीत तीनास एक करतात काही जण." आणि त्याने ओट्यावरची बरणी पुढे ओढली.

"ती कशाला? शेडमधली पिशवी आहे ना?"

"ती कधीच संपली. मागच्या आठवड्यापासून हीच घालतोय. साखर ती साखर."

 सांगून टाकावं असं अगदी नॉरीनच्या ओठांवर आलं. पण सांगितलं की तो पुन्हा तीन चमच्यांवर जाणार, वर जन्मभर टोमणे. शिवाय खरी साखर शेजारच्या पेट्राकडे असणारच, तिला सतत केक भाजायची हौस. गुपचूप आणायची, पाखरांना पाजायची, कुणाला काही कळायला नको.

"पेट्राकडे जाऊन येते जरा. तू सुई घेऊन ठेव, आल्या आल्या ओटमील करते."

"बर्फावर तंगडी मोडून घेऊ नकोस, म्हातारे."

"तू बस गप, म्हाताऱ्या."

कुंपणाचा आधार घेत, पाय घासत ती चढावरच्या घरी पोचली. पेट्रा एकटी राहायची, माणूस दिसला की सोडायची नाही. साखरेची पुडी दिली, वर कॉफी पुढे केली, आपली पाखरांची बाटली थंडीने कशी फुटली ते सांगितलं. नॉरीन उठायला लागली तेव्हा ती म्हणाली, "आणि हो, एल्डन बरा आहे ना? परवा टपालपेटीशी उभा होता, हात लटलटत होते. या थंडीत घामाने निथळत होता गं! मी धरायला गेले तर म्हणतो, काही नाही, घरी जाऊन दोन चमचे साखर पाण्यात घेतली की झालं. डॉक्टरनेच सांगून ठेवलंय म्हणे."

नॉरीनला परवाची दुपार आठवली. तो सिंकपाशी उभ्याने काहीतरी प्यायला होता. लगेच तिने सूप वाढलं होतं, म्हणून निभावलं. गोड थांबलं होतं आणि सुई तेवढीच राहिली होती, म्हणून रक्तातली साखर पार खाली जात होती. आणि आत्ता तो सुई घेऊन, उपाशी, तिची वाट बघत बसला होता.

"पेट्रा, अँब्युलन्सला फोन लाव. आधी लाव, मग विचार काय ते!"

उतारावर ती दोनदा पडली. पुडी मात्र छातीशी घट्ट होती.

एल्डन स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, पाठ कपाटाला. शर्ट घामाने चिकटला होता. समोर बरणी, चमचा आणि पेला, आणि पेल्यात तळाशी न विरघळलेला पांढरा थर. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही.

"पितोय," तो लहान मुलासारखा म्हणाला. "कधीचा पितोय. काही होतच नाही."

तिने पुडी दातांनी फाडली, साखर त्याच्या गालात कोंबली, बोटाने हिरड्यांवर चोळली, घोटभर पाणी पाजलं. "गीळ, एल्डन, गीळ रे बाबा!" आपण रडतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. खिडकीबाहेर शेरिफ बाटलीला उलटा लटकला होता. तिने पुन्हा चिमूट भरली.

हळूहळू त्याच्या डोळ्यांत तो परत आला. अँब्युलन्सची माणसं आली, बोट टोचून रक्त तपासलं, आता लगेच पोटभर खा म्हणून बजावलं आणि गेली. तोवर त्याची नजर पुडीवरून बरणीवर गेली होती.

"त्या बरणीत काय होतं?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, थँक्सगिव्हिंगपासून. तो ओरडेल, पेला फेकेल, असं तिला वाटलं. तो भिंत धरून उठला, पेट्राची साखर मोजून चार वाट्या पाण्यात ढवळली, बाहेर जाऊन स्वतः बाटली भरली. शेरिफला सोडवून आणलं, तेव्हा तो मरून ताठ झाला होता.

नॉरीनने ओटमील केलं. दूध, ओट, चिमूटभर मीठ, दुसरं काहीही नाही. वाफाळता वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि चमचा त्याच्या हातात दिला.

"खा. ते लोक काय म्हणाले ऐकलंस ना?"

एल्डनने वाडग्यात पाहिलं. 

"चवीने कळत नाही म्हणतेस ना?"

"एल्डन, यात काही नाहीये. शपथ."

त्याने चमचा वाडग्यात ठेवला आणि वाडगा टेबलावरून हळूच तिच्याकडे सरकवला.

"आधी तू खा," तो म्हणाला.