फोन धरणाऱ्याचं तोंड

मी एक जुना हसरो आहे. मित्रांनो, हे नाव सांगून दुकानात मला मागाल तर कोणी देणार नाही. दवाखान्यात मला रिट्रॅक्टर म्हणतात. मी पारदर्शक प्लास्टिकचा, दोन्ही बाजूंनी वाकलेला. मला ओठांच्या आत बसवलं की ओठ आणि गाल बाजूला होतात आणि सगळे दात उघडे पडतात. मग माणूस रागावलेला असो की रडवेला, तो हसताना दिसतो. म्हणून तारकर्लीच्या डोरथीबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यो बघा हसरो." तेच नाव पडलं.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, पिशवीत गेलो आणि उजेड पाहिला तो कसालला, नम्रता डॉक्टरांच्या टेबलावर. समोर डोरथीबाईंची लेक ॲश्लिन बसली होती. तिचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. लग्न ठरलं होतं आणि बिचारीला फोटोत हसायची चोरी. डॉक्टरांनी तिला अलाइनर दिले, म्हणजे दातांवर चढवायचे पातळ पारदर्शक साचे. एक जोडी झाली की पुढची घालायची, असे दात हळूहळू सरळ होतात.

"प्रत्येक वेळी तारकर्लीहून यायची गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दर रविवारी हा लावून दातांचे फोटो काढा आणि फोनवरून पाठवा. मी इथून बघेन आणि पुढची जोडी कधी घालायची ते कळवेन. फक्त फोन धरायला दुसरं कोणीतरी हवं. स्वतः काढलेला फोटो हलतो."

ते दुसरं कोणीतरी म्हणजे ॲश्लिनचे पप्पा, कॉन्स्टान्सियो.

कॉन्स्टान्सियो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लग्न असो, सण असो की कुणाला शेवटचं पोचवायचं असो, मालवणच्या आसपास त्यांच्या ट्रम्पेटशिवाय पान हलत नसे. वाजवून झालं की खालच्या ओठात तंबाखूची गोळी. डोरथीबाई म्हणायच्या, "ट्रम्पेट आणि तंबाखू, ह्यो दोनय माझ्यो सवती."

रविवारी चर्चमधून आलं की पडवीत चांगला उजेड असायचा. ॲश्लिन मला धुऊन तोंडात बसवायची. कॉन्स्टान्सियो फोन धरायचे. काय स्थिर हात होता त्यांचा. "गो बाय, आ कर. आता हलव नको," म्हणत ते समोरून, उजवीकडून, डावीकडून फोटो काढायचे. थोड्या वेळाने डॉक्टरांचं उत्तर यायचं, 'सगळं ठीक आहे.' ते दोन-चार शब्द कॉन्स्टान्सियो मोठ्याने वाचायचे, आणि मग शेजारीपाजारी सांगत सुटायचे की माझो फोटो डॉक्टरांका एका फटक्यात पसंत पडता. मला तेव्हा फार सुख वाटायचं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, यापरतं सुख आमच्यासारख्या वस्तूला दुसरं नसतं.

लग्न जवळ आलं तसे दात जवळजवळ रांगेत आले. एका रविवारी ॲश्लिन भलतीच खुशीत होती. तिने मला धुतलं आणि पप्पांसमोर धरलं. "पप्पा, आज तुझी पाळी. हसान दाखव."

त्यांनी नाही-होय केलं, पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललंय? मी त्यांच्या तोंडात गेलो. मित्रांनो, माझ्या काळजात चर्र झालं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध टणक कडांची जखम. ॲश्लिनने हसत हसत फोटो काढला आणि फोनमध्ये बघताना तिचं हसू थांबलं.

"पप्पा, ह्यां काय आसा?"

त्यांनी मला घाईघाईने बाहेर काढलं. "काय नाय गो. ट्रम्पेट टेकता थंय. वाजवणाऱ्याक असा होताच."

"डॉक्टरांका धाडतंय."

"नको. ती म्हणतली, वाजवू नको. तुझ्या लग्नात मीच वाजवतलंय. मगे बघू. तां आधी पुसून टाक."

ट्रम्पेट ओठाला बाहेरून टेकतो आणि ती जखम आत होती, तंबाखूची गोळी बसायची तिथे. मला ते दिसलं होतं. पण मी पडलो प्लास्टिकचा. दुसऱ्याचं तोंड उघडणं एवढंच मला येतं, माझं स्वतःचं उघडत नाही. ॲश्लिनने क्षणभर पप्पांकडे पाहिलं आणि फोटो पुसून टाकला. तिला खरंच वाटलं की ते ट्रम्पेटचंच आहे. मग त्यांनी तिचे फोटो काढले, आणि उत्तर आलं, 'सगळं ठीक आहे.'

लग्नाचा मांडव अंगणातच होता. मी खिडकीत, पेल्यात पडून होतो. ॲश्लिन दात दाखवत मनमोकळं हसत होती. कॉन्स्टान्सियोंनी ट्रम्पेट ओठाला लावला, आणि ते असे वाजवत होते की जेवणारे हात थांबले. पण दुसरं गाणं अर्ध्यावर तुटलं. त्यांनी ओठ पुसला, रुमाल लाल झाला. डोरथीबाईंनी ते पाहिलं.

पाहुणे पांगले तशी ॲश्लिन पप्पांना कसालला घेऊन गेली. मला बरोबर नेलं होतं. नम्रता डॉक्टरांनी मला त्यांच्या तोंडात बसवलं, दिवा जवळ ओढला आणि बोटाने जखमेची कड चाचपली.

"मी फोटो काढलेलो," ॲश्लिन रडत म्हणाली. "मीच पुसून टाकलंय."

डॉक्टर तिला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दर रविवारी मी तुमच्याच घरात बघत होते, ॲश्लिन. तुमचे पप्पा फोनच्या पलीकडे हातभर अंतरावर होते."

गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. कॉन्स्टान्सियो परत आले ते अर्धा ओठ आणि जबड्याचा तुकडा तिथेच ठेवून. जखमेचे फोटो पाठवा, असं नम्रता डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता रविवारी ॲश्लिन सासरहून यायची आणि फोन ती धरायची. पहिल्याच रविवारी तिने मला त्यांच्या ओठांशी नेलं. तोंड बोटभरही उघडेना. मी आत गेलोच नाही. ते चाचरत, अडखळत बोलले, "रवांदे गो बाय. आता माका हसरो नको." ॲश्लिनने मला खाली ठेवलं.

आंबे मोहरले तेव्हा ते गेले. त्यांच्यामागून त्यांचाच बँड वाजत गेला. पुढच्या रांगेत त्यांची जागा मोकळी ठेवली होती म्हणे. ट्रम्पेट घरीच होता. डोरथीबाईंनी तो पेटीत ठेवला, आणि का कोण जाणे, मलाही त्याच्याशेजारी ठेवलं.

बरेच दिवस अंधारात गेल्यावर एका रविवारी पेटी उघडली. ॲश्लिनची शेवटची जोडी संपली होती, शेवटचे फोटो पाठवायचे राहिले होते. फोन डोरथीबाईंनी धरला. फोटो हलला. डॉक्टरांनी दुसरा मागितला नाही. 'सगळं ठीक आहे,' एवढंच आलं.

ॲश्लिनने मला काढलं, गरम पाण्याने धुतलं. "मम्मी, आता तू."

"माका काय झालाहा?"

"काय नाय झाला तरी दाखव."

डोरथीबाईंनी तोंड उघडलं. मी आत बसलो. त्या वरून हसत होत्या आणि माझ्या कडेवरून त्यांची आसवं गळत होती. ॲश्लिनने फोटो काढला आणि या वेळी पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, 'सगळं ठीक आहे.' ते वाचून ती पप्पांच्या खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. पप्पांचा तो पुसलेला फोटोही तेव्हा असाच जायला हवा होता. 'सगळं ठीक आहे' नाही, तर 'लवकर या' एवढं तरी उत्तर आलं असतं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरातही कोणीतरी तुमच्यासाठी फोन धरून उभं असेल. तुमचा फोटो झाला की फोन आपल्या हातात घ्या आणि म्हणा, आता तू आ कर.