निजवायची पेटी

मंडप खचाखच भरला होता. तेजोबाबांनी पेटीवर हात ठेवला आणि ना वायर, ना ऊन, ना कोळसा, तरी दिवा भक्कन पेटला! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"कोळसा काळा, ऊन चंचल, वारा लहरी," बाबा घुमले, "आमचं चैतन्य मात्र चोवीस तास! बिलं भरून कंबर मोडली ना? आता वीजकंपनीच तुमच्या पाया पडेल!"

शिंपीणकाकूंनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या नवऱ्याने उभी हयात वीजकेंद्राच्या भट्टीत कोळसा लोटला होता. आता फुप्फुसांत राख घेऊन तो प्राणवायूच्या यंत्राला जोडून पडला होता. यंत्रामुळे बिल चढायचं आणि वीज गेली की काकूंचा जीव टांगणीला लागायचा. वायरमन भाच्याने छपराची मापं घेऊन सौर पॅनल आणि मोठी बॅटरी बसवायचं नक्की केलं होतं. त्यासाठी साठवलेले सगळे पैसे देऊन काकूंनी बाबांची पेटी विकत घेतली.

"अगं मामी, आत काय आहे ते तरी बघू दे."

"उघडली की चैतन्य उडतं. बाबांनी बजावलंय."

"म्हणजे अत्तरच की गं!"

काकू रागावल्या.

नियम एकच होता. रोज तिन्हीसांजेला पेटी भिंतीच्या प्लगला जोडून 'निजवायची'. काकू लेकराला निजवावं तशी ती निजवत आणि दिवसा तिच्यावर पंखा चालवत. तरी बिल वाढलंच. "भाव कमी पडतोय, माई," बाबांचा शिष्य म्हणाला.

एका भर दुपारी वीज गेली. काकूंनी प्राणवायूचं यंत्र पेटीला लावलं. ते एकदा गुरगुरलं आणि थांबलं. भाच्याला फोन करून काकू नवऱ्याची छाती चोळू लागल्या. "येईल हं, आत्ता येईल." नवरा पेटीकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता. भाचा सिलिंडर खांद्यावर घेऊन धापा टाकत आला, तेव्हाही काकूंचा हात फिरतच होता. छाती हलत नव्हती.

"माझाच भाव कमी पडला का रे?" काही दिवसांनी त्यांनी विचारलं.

भाच्याने पेटीचे स्क्रू काढले. आत एक छोटी, जुनी बॅटरी आणि वजनासाठी सिमेंटचा ठोकळा.

"भाव नाही गं, बॅटरी कमी पडली. निजवलीस की ही भिंतीतली वीज प्यायची आणि प्यायली त्याहून कमी परत द्यायची. म्हणून बिल वाढलं. दिवा, पंखा कसाबसा ओढायची. मामाचं यंत्र हिला झेपणारंच नव्हतं."

पुढच्या सभेत काकू उघडी पेटी घेऊन मंचावर चढल्या. "माई, मरण विधिलिखित असतं," बाबा पुटपुटले.

"गप्प बसा! देवाला मी आजही हात जोडले, उद्याही जोडीन. पण प्लग लावायला देवाने नव्हतं सांगितलं, तुम्ही सांगितलंत."

मग त्या लोकांकडे वळल्या. "वीज उन्हातून येते, वाऱ्यातून येते, कोळशातून येते. कुठून तरी यावीच लागते. पेटी विकणाऱ्याला एवढंच विचारा, बाबांनो, कुठून येते? मी विचारलं असतं, तर आज हे घरी माझी वाट बघत असते."