चढावर बंद पडणारी व्हॅन

नवरा लिओन वारल्यावर त्याची जुनी व्हॅन आग्नेसने विकली नाही. आचऱ्याहून कणकवलीच्या शाळेत शिकवायला ती त्याच गाडीने जायची. पण काजूच्या बागेलगतचा चढ आला की इंजिन झटके द्यायचं, धापा टाकायचं आणि बंद पडायचं. रोज नाही, अधूनमधून. लिओन याच चढावर, रस्त्याकडेला, स्टीअरिंगवर डोकं टेकलेला सापडला होता. अस्वस्थ वाटलं म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली असणार, असं लोक म्हणाले. तिनेही तेच मानलं.

गाडी थांबली की ती काचा वर करून बसायची. शेजारच्या सीटकडे बघायची नाही. बऱ्याच वेळाने चावी फिरवली की इंजिन काही झालंच नसल्यासारखं सुरू व्हायचं.

दोन गॅरेजांत प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. तिथे गाडी एकदाही बंद पडली नाही. सासू म्हणाली, "त्याका काय तरी सांगूचा आसा. मीस घाल." तिने चर्चमध्ये लिओनच्या आत्म्यासाठी मीसची प्रार्थना करवली. त्याच आठवड्यात व्हॅन पुन्हा चढावर थांबली.

मग ती विनीत मेकॅनिककडे गेली आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टीचर, ती माझ्यासमोर बंद पडाक व्हयी. पण आज त्या वाटेन नको."

भर दुपारी त्याने गाडी कुणकेश्वरच्या रस्त्याला घातली. आग्नेस शेजारी बसली. तेवढंच अंतर गेल्यावर, सपाट रस्त्यावर, तोच झटका बसला आणि गाडी थांबली.

विनीतने प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरली. "स्टार्टर मारा." ठिणगी पडली ती पिवळी, मरतुकडी. त्याने ओलं फडकं इग्निशन कॉईलवर गुंडाळलं. जरा वेळाने पुन्हा मारला तर ठिणगी निळी, कडकडीत.

"कॉईल तापली की स्पार्क जाता. घराकडसून त्या चढापर्यंत येयसर ती तापता. दुसरा काय नाय, टीचर."

आग्नेसला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने विचारलं, "अशी कधीपासून असतली?"

"ही एकदम जाणा नाय. वर्ष, दोन वर्षां त्रास दिता." लिओनला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, म्हणजे त्याच्या हातातही ती बंद पडत असणार, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

नवी कॉईल बसली. दुसऱ्या सकाळी व्हॅन चढ सरसर चढली. माथ्यावर आग्नेसने स्वतःच ब्रेक दाबला आणि पायी मागे आली. बागेच्या दगडी गडग्यापाशी आनंदीबाई काजूगर विकायला बसायची. आग्नेस तिला येताजाता नुसती बघायची, कधी बोलली नव्हती.

"आनंदीबाय, त्या दिवशी तो गाडीत बसानच हुतो काय?"

म्हातारीने टोपली बाजूला सारली. "नाय गो बाय. गाडी बंद पडली. तो उतारलो, एकटोच धक्को मारूक लागलो. ऊन काय ता हुता. मगे मीय हात लावलंय. दोघांनी कडेक घेतली."

"आणि मगे?"

"तो आत बसलो. पाणी मागल्यान, दिलंय. थंड झाली की सुरू होतली, म्हणालो. घाम पुसूक गेलो आणि त्याचो हात खाली पडलो."

आग्नेस गडग्यावर बसली. इतके महिने तिच्या डोळ्यांसमोर शांतपणे बाजूला घेतलेली गाडी होती. आता तिथे तो वाकून, छातीचा जोर लावून व्हॅन ढकलत होता.

"माका कोणी इचारूक नाय," आनंदीबाई म्हणाली. "माणसां जमली, त्याका घेवन गेली. तोपर्यंत मी थंयच हुतंय. हात धरान."

आग्नेसने शाळेत फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. मग ती म्हातारीच्या जवळ सरकली. "पयल्यापासून सांग," ती म्हणाली. "सगळा सांग."