आई गेली त्या वर्षीची नोंद

तिने दफनाच्या नोंदवहीचं शेवटचं पान उलटलं आणि पुन्हा पहिल्या नावावर बोट ठेवलं. त्या वर्षी चर्चच्या हद्दीत बरीच माणसं गेली होती. एक न्हावी, एका सुताराची जुळी मुलं, कुणी परगावचा पाहुणा. तिची आई मात्र त्यांत नव्हती.

"मेलेलं माणूस हरवत नाही, ताई," समोरच्या टेबलावरून चर्चचा कारकून म्हणाला. "साल चुकलं असेल."

"साल पक्कं आहे. मी चार वर्षांची होते."

नुकतेच तिचे बाबा गेले होते. त्यांच्या थडग्याच्या दगडावर आईचंही नाव घालायचं तिच्या मनात होतं आणि त्यासाठी तारीख हवी होती. आईचं थडगं कुठे आहे हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. बाबा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. लोक तिला धीराची म्हणत. धीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटेनासा होतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. तारीख शोधणं हे त्यातल्या त्यात करता येण्यासारखं काम होतं, म्हणून ती करत होती.

कारकुनाने लग्नाची नोंदवही काढून दिली. निदान माहेरच्या नावाने शोधता येईल, असं त्याचं म्हणणं. आईबाबांची नोंद चटकन सापडली. समासात, वेगळ्या शाईत, कुणीतरी कोर्टाच्या एका हुकुमाचा क्रमांक लिहून ठेवला होता. खाली आई गेली तेच साल होतं.

कोर्ट रस्त्यापलीकडेच होतं. तिथल्या रेकॉर्डच्या खोलीत धुळीने शिंका येत होत्या. अर्ज भरून, सही करून, ताटकळून दुपारी तिच्या हातात ते बाड आलं. अर्जदार म्हणून आईचं नाव होतं. सामनेवाला म्हणून बाबांचं. विभक्त राहण्याबाबत वाद नाही. वाद मुलीच्या ताब्याचा. अर्जदार याच चर्चच्या हद्दीत, नदीपलीकडे, माहेरी राहते. पुढे लिहिलं होतं:

'मुलीस अर्जदार आणि सामनेवाल्याची बहीण या दोघींसमोर उभे करून, तुझी आई कोणती, असे विचारले. मुलीने सामनेवाल्याच्या बहिणीचा हात धरला. सबब ताबा सामनेवाल्याकडे राहील.'

तिने ते वाचलं आणि सवयीने पुढच्या पानावर गेली. पुढे फक्त शिक्के होते. मग ती मागे आली आणि पुन्हा वाचलं.

बाहेरच्या बाकावर बसून तिने आत्याला फोन लावला. बाबांच्या याच बहिणीने तिला लहानाची मोठी केली होती.

"सापडली का गं तारीख, बेबी?" पन्नाशी उलटून गेली तरी आत्याच्या लेखी ती बेबीच होती.

"आत्या, आई गेली म्हणजे कुठे गेली?"

पलीकडे आत्याने कुठलातरी नळ बंद केला.

"कोर्टात गेलीस वाटतं."

"हो."

"आम्ही गेली म्हणत होतो, बेबी. मेली असं कुणीच कधी म्हटलं नाही. तुझ्या बाबांना खोटं बोललेलं खपायचं नाही."

ते खरंच होतं. आई गेली, एवढंच घरात बोललं जायचं. देवाघरी हा शब्द तिचा तिनेच पुढे जोडला होता, आणि शाळेच्या फॉर्मवर ती स्वतःच्या हाताने 'आई मयत' असं लिहीत आली होती. कुणी खोडलं नाही.

"तुला मी पढवून नेलं नव्हतं हं," आत्या म्हणाली. "तूच आपणहून माझ्याकडे आलीस."

"माहीत आहे. लिहिलंय तसं."

"मला काय सुचणार होतं तेव्हा?"

"ती काही बोलली?"

"एक अक्षर नाही. तुझ्या बुटाची नाडी सुटली होती. खाली बसून ती बांधली, आणि गेली." मग आत्या म्हणाली, "जेवून घे काहीतरी."

ती जेवली नाही. पुन्हा चर्चच्या कचेरीत आली आणि त्या सालानंतरच्या सगळ्या नोंदवह्या मागितल्या.

"सगळ्या? कुठपर्यंत?"

"आजपर्यंत."

कारकुनाने कपाळाला हात लावला, पण वह्या आणून दिल्या. ती वाचू लागली. सकाळी नाव दिसत नाही म्हणून ती वैतागत होती. आता पान उलटताना बोट एकेका नावावर अडत होतं, आणि पान संपलं की सुटल्यासारखं वाटत होतं. तिला भीती वाटत होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं. आई असलीच तर ऐंशीच्या घरात असेल, एवढा हिशेब तिने केला आणि पुढची वही ओढली.

खिडकीबाहेरचं ऊन उतरलं. कारकून चहाचा कप तिच्यापुढे ठेवून वाकून बघू लागला. शेवटच्या दोनच वह्या उरल्या होत्या.

"नाही ना सापडत? आशा सोडू नका, ताई."

"नाही सोडत," ती म्हणाली, आणि तिने पान उलटलं.