डावीकडची जागा

"दोन पास हायेत. तू आन् वहिनी. पुढच्या रांगेतले हायेत गा," चैतराम म्हणाला आणि खिशातून काढलेले पास त्याने बकारामच्या हातात न देता खाटेवर ठेवले.

बकाराम अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने वळणं थांबवलं नाही.

"ढोलकीवर कोन?"

"त्यायचाच मानूस हाय, गोंदियाचा. पेटीवालाबी त्यायचाच."

"आन् झील?"

चैतरामने चिचगडच्या रस्त्याकडे पाहिलं. "एकट्याचाच कार्यक्रम हाय. सोलो म्हनतात ते. झील मीच म्हनतो."

"म्हन मंग," बकाराम म्हणाला.

खडी गंमत, म्हणजे झाडीपट्टीतला उभ्याने रंगणारा तमाशा, ज्याने पाहिली आहे त्याला झील सांगावी लागत नाही. शाहीर ओळ म्हणतो आणि अर्ध्यावर सोडतो. डाव्या हाताला उभा असलेला झीलकरी कानावर तळवा ठेवून ती उचलतो, उंच नेतो, लांबवतो. तेवढ्यात शाहीर दम घेतो. चैतराम शाहीर झाला तेव्हा दोघांनाही मिसरूड फुटत होतं, आणि तेव्हापासून त्याचा दम बकारामच्या गळ्यात राहत आला. जाहिरातीत छापलेलं असे, 'शाहीर चैतराम आणि संच'. बकाराम त्या 'आणि संच'मध्ये राहत होता आणि सुखाने राहत होता. यंदाच्या जाहिरातीत मात्र नुसतंच होतं, 'शाहीर चैतराम : एक आवाज, एक संध्याकाळ'. संच उडाला होता.

चैतराम गेल्यावर रुख्मा चुलीपासून उठून आली. ती बोलायला कोणाला भीत नसे, नवऱ्याला तर नाहीच.

"कायले जाता? आपल्या जागेवर दुसऱ्याले पाहाले?"

"दुसरा कोनी नाई नं. तेच तं पाहाचं हाय."

खरं सांगायचं तर बकारामच्या मनात पाप होतं. कार्यक्रम पडावा, फार नाही, थोडासा पडावा, असं त्याला वाटत होतं. बकारामशिवाय जमलं नाही, एवढं एखाद्याने तरी म्हणावं. आणि असं वाटतं म्हणून त्याला स्वतःचीच लाजही वाटत होती.

गोंदियाचं थिएटर गार होतं, खुर्च्या मऊ होत्या. रुख्मा खुर्चीच्या टोकावर बसली, पूर्ण टेकली तर झोप लागेल म्हणून. मंचाच्या मधोमध दुधासारखा पांढरा उजेडाचा गोल पडला होता. हर्षा नावाची आयोजक पोरगी चैतरामला त्या गोलात उभं करून बजावत होती, "काका, बिलकुल सेंटर में रहना, हां? लाइट हलत नाही."

"हो बाई," चैतराम म्हणाला.

पहिलं गाणं नमनाचं. ते छान झालं. टाळ्या पडल्या. बकारामने पण वाजवल्या, दोनचारच. दुसऱ्या गाण्याला मात्र त्याच्या ध्यानात आलं की चैतराम सरकतो आहे. गाता गाता एक पाऊल आपल्या उजवीकडे, मग आणखी एक. शेवटी त्याचा उजवा खांदा अंधारात गेला आणि अर्धा गोल रिकामा पडला. हर्षाने पडद्याआडून हाताने खुणावलं. चैतराम दचकून मधे आला, आणि पुढच्या कडव्याला पुन्हा सरकला.

"काऊन असा करून राहिला?" रुख्मा कुजबुजली.

बकारामला कळलं होतं. जो जन्मभर डावीकडे जागा ठेवून उभा राहिला, त्याला मधोमध उभं राहायचं कसं ते कुठून येणार?

मग गवळण आली.

"घागर राहिली काठावरती..." चैतरामने ओळ उचलली, अर्ध्यावर सोडली आणि मान डावीकडे वळवली. तिथे कोणीच नव्हतं. ढोलकी दोन ठोके एकटीच वाजली. पेटीवाल्याने कसेबसे सूर भरले. लोकांना वाटलं, ही कला आहे. कोणीतरी "वा!" म्हणालं.

पुढच्या खेपेला चैतरामच्या ध्यानात राहिलं. ओळही त्यानेच म्हटली, झीलही त्यानेच ओढली. तिसऱ्या खेपेला पुन्हा तसंच. मग तो खोकला. माइकमधून त्याची धाप थिएटरभर ऐकू आली. सत्तरीच्या माणसाने दोघांचं गाणं एकट्याने गायचं म्हणजे काय चेष्टा आहे!

बकारामला हवं होतं तेच घडत होतं. कार्यक्रम पडत होता. आणि तो खुर्चीचा हात घट्ट धरून मनात म्हणत होता, सावर गा, सावर.

"पाहून काय राहिले?" रुख्मा म्हणाली. "धरा नं!"

"घागर राहिली काठावरती..."

बकाराम उठला. खडी गंमत बसून होत नाही. कानावर तळवा गेला आणि आवाज निघाला, माइकशिवाय, शेतातून शेतात जावा तसा:

"सांगू कोणाले, बाई गं, सांगू कोणाले..."

चैतरामने त्याला शोधलं नाही की त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने फक्त पोटभर दम घेतला, नेहमी घेत असे तसा, आणि पुढची ओळ उचलली.

"काका, बैठो ना, दिखता नहीं!" मागून कोणीतरी ओरडलं.

बकाराम ओशाळला. तो रांगेतून बाहेर पडला आणि उजव्या भिंतीपाशी, म्हणजे चैतरामच्या डाव्या हाताला, जाऊन उभा राहिला. हर्षा धावत खाली आली. "काका, वर चला ना मंचावर!"

"त्याचा कार्यक्रम हाय, बाई," तो म्हणाला, आणि झील धरली.

शेवटच्या गाण्यापर्यंत तो तिथेच उभा होता. वर चैतराम उजेडाच्या कडेला उभा राहून मोकळा गात होता आणि हर्षाने खुणावणं सोडून दिलं होतं. सगळं आटोपल्यावर शाल-नारळ झालं, लोकांनी चैतरामला गराडा घातला. बकाराम आणि रुख्मा गावच्या गाडीसाठी निघून गेले. जीप सुटली असती.

आठवडाभराने चैतराम पुन्हा अंगणात आला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फोटोची फ्रेम होती. या खेपेला त्याने ती खाटेवर ठेवली नाही, हातात दिली.

फोटोत चैतराम अगदी एका कडेला होता, तोंड उघडं. बाकी सगळा उजेड त्याच्या डाव्या बाजूच्या, मंचाच्या रिकाम्या फळ्यांवर पडला होता.

"फोटोवाला म्हने, हे रिकामी जागा कापून टाकतो, तुमी मधात याल," चैतराम म्हणाला. "मी म्हनलं, कापू नोको."

बकारामने फ्रेम गुडघ्यावर घेतली. धोतराच्या सोग्याने काच पुसली, आधी चैतरामवरची, मग त्या रिकाम्या फळ्यांवरची, जरा जास्त वेळ.

"रुख्मा," त्याने हाक मारली, "खिळा आन वं."