बाहेरून लाल, आतून विटका

मी सेंट ऑल्बन चर्चचा दरवाजा बोलतोय. ओकच्या लाकडाचा, लाल रंगाचा. नेब्रास्कातल्या या गावात रेल्वे आली, मागून शेतकरी आले, त्यांनी हे चर्च बांधलं. पहिल्या दिवशी बिशपने रिवाजाप्रमाणे आपली काठी माझ्यावर आपटली, तेव्हा मी उघडलो. त्या काठीचा खळगा अजून अंगावर आहे. मी तो मिरवतो.

प्रत्येक घराचा बाक ठरलेला. परका बसला तर कोणी बोलत नसे, नुसतं बघत. तेवढं पुरायचं.

मला रंगवायचं काम स्टाउट घराण्याचं. दर वसंतात ऑर्विल स्टाउट मला आतून-बाहेरून रंगवायचा. मग प्रार्थनेचं नवं पुस्तक आलं. जुनी भारदस्त भाषा गेली. ऑर्विल भर सभेत उठला. "हे पुस्तक इथे आहे तोवर मी उंबरा ओलांडणार नाही."

गेला, पण ट्रकपर्यंतच. दर रविवारी बायकोला, लव्हीनाला, आणून सोडायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत ट्रकमध्ये बसायचा. काच मात्र खाली. मला रंगवायचाही, पण पायरीवरून, बाहेरूनच. आतली बाजू विटत गेली. लव्हीनाशेजारची जागा रिकामीच राहिली.

गाव ओसरलं. चर्च बंद करायचं ठरलं. शेवटच्या रविवारी ट्रकमधून उतरताना लव्हीना म्हणाली, "आज तरी शेजारी येऊन बस. पुढच्या रविवारी कुठे बसशील?"

"पुस्तक तेच ना?"

"हट्टी खेचर आहेस नुसता."

"हेच खेचर तुला दर रविवारी आणतं."

लव्हीना आत येऊन पाद्रीबाईंच्या कानाशी लागली. त्यांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि मला सताड उघडा ठेवायला सांगितलं. बिशपला विचारत बसल्या नाहीत.

जुने शब्द बाहेर गेले. ट्रकचं दार वाजलं. ऑर्विल हातात टोपी घेऊन आला, उंबऱ्याशी थबकला, मग आत येऊन लव्हीनाशेजारी बसला. कोणी वळून पाहिलं नाही. लोकांनी दाखवलेली माया ती एवढीच.

शेवटी कुलूप घालायला पाद्रीबाईंनी मला ओढलं, तेव्हा ऑर्विलला माझी आतली बाजू दिसली.

"ही कोणी रंगवली नाही?"

"तुझं काम होतं," लव्हीना म्हणाली.

तो ट्रकमधून रंगाचा डबा घेऊन आला.

"मिस्टर स्टाउट, चर्च बंद झालंय," पाद्रीबाई म्हणाल्या.

"मग घाई कसली?"

तो रंगवून गेला. रंग ओला आहे, म्हणून मी उघडा आहे. वाळला की कुलूप लागेल. तोवर ज्याला यायचं त्याने यावं. फक्त मला हात लावू नये.