वाफेची जागा

‘हात बघ’ हे गाणं कुणाचं, असं विचारलं की लोक बेधडक चिकण्याकडे बोट दाखवतात. चिकणा म्हणजे तो चमचमत्या जाकिटातला गायक. पण गाणं त्याचं नव्हे. ते एका लॉन्ड्रीत जन्मलं, आणि ज्या बाईने ते जन्माला घातलं ती अजून धडधाकट आहे, चिडकी आहे, आणि या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

तिला सगळे वहिनी म्हणत. नणंद तिला वहिनी म्हणायची, आणि लॉन्ड्रीत नणंदेचाच शब्द चालायचा. नणंद इस्त्रीच्या मोठ्या प्रेसवर होती. चादर पसरायची, जड झाकण खाली ओढायचं, पायाने पेडल दाबायचं. मग वाफ असा काही आवाज करायची की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे तिथली माणसं वाफेसाठी थांबायची. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि झाकण उघडलं की त्याच्या पुढच्या शब्दापासून उचलायचं. भांडणंही तशीच. या दोघी तर घरीसुद्धा भांडता भांडता मध्येच गप्प होत आणि पुन्हा तिथूनच सुरू होत. वहिनीचा नवरा बिचारा त्या मधल्या शांततेत हळूच बाहेर सटकायचा.

गाणंही असंच झालं. वहिनी इस्त्री करून घड्या घालताना गायची, नणंद प्रेसच्या पत्र्यावर ठेका धरायची, आणि नवरा जेवणाच्या सुट्टीत गिटार घेऊन यायचा. ‘नाव काय विचारतोस, हात बघ, भाजलेले हात बघ’, इथे पेडल, इथे वाफ, आणि मग ‘अन् सांग, नाचशील का.’ त्या चालीवर इस्त्रीवाल्या बायका टेबलाभोवती अशा काही नाचायच्या की मालकाने दोनदा कामावरून काढायची धमकी दिली. वहिनी दोन्ही वेळा आणखी वरच्या पट्टीत गायली.

एका छोट्या कंपनीने त्यांना रेकॉर्डिंगला बोलावलं. स्टुडिओत ना प्रेस, ना वाफ. नणंदेपुढे भाड्याचा ड्रम. तरी त्या जागी तिघंही एकदम थांबली, आणि झाकण उघडायच्या वेळेला एकदम सुरू झाली. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, बंद का पडलात, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच थांबली. अंगवळणी पडलेली गोष्ट सांगून थोडीच जाते? शेवटी त्याने हात टेकले आणि रेकॉर्ड तशीच निघाली.

ती फारशी खपली नाही. खपली ती चिकण्याची. त्याने भाजलेले हात काढून तिथे धुंद डोळे घातले, आणि वाफेच्या जागी चुटकी वाजवली. बस्स, पोरीबाळी वेड्या झाल्या. मग गाण्याच्या नव्या नव्या अवतारांची रांगच लागली. तिघी बहिणींच्या एका चमूने त्या जागी उसासा टाकला. ऑर्केस्ट्रावाल्यांनी व्हायोलिनं ओतली. लांब केसांच्या पोरांनी गिटारला रडवलं. साबणाच्या जाहिरातीत तर तिथे बुडबुडा फुटायचा. नवरा गेला त्या वर्षी तो बुडबुडा दर तासाला रेडिओवर फुटत होता, आणि वहिनीने रेडिओच उचलून माळ्यावर टाकला. तिला सगळ्यात जास्त राग चोरीचाही नव्हता. त्या जागेत जो येईल तो काहीतरी कोंबून जातो, याचा होता.

आणि परवा आमंत्रण आलं. गाण्याच्या सगळ्या अवतारांची मोठी मैफल, त्यात मूळ गायिका म्हणून वहिनी. सोबत नणंद, ड्रमवर. गुडघा दुखत असूनही नणंदेने लगेच होकार दिला. संयोजक तरुण होता, गोड बोलायचा. त्याची एकच अट होती. प्रेक्षकांना चुटकीची सवय आहे, तेव्हा त्या जागी सगळं सभागृह चुटकी वाजवेल, आजींनी फक्त हसून साथ द्यायची. आजी म्हटल्यावर वहिनीच्या कपाळाला आठी पडली. ती म्हणाली, बघू. ‘बघू’ म्हणजे काय, हे नणंदेला चांगलं ठाऊक होतं. ती दुसरीकडे बघत राहिली.

मैफलीच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. आधी चिकणा आला. केस अजून काळेकुळकुळीत, कसे ते त्यालाच माहीत. त्याने माइक हातात घेऊन सांगितलं की हे गाणं कुठल्याशा लॉन्ड्रीत चुरगळून पडलं होतं, आपण उचललं, इस्त्री केली आणि जगाला दिलं. लोक खोखो हसले, आणि तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. पडद्यामागे वहिनीचे कान तापले. आयुष्यभर इस्त्री केली तिने, आणि श्रेय या महाशयांना.

ती स्टेजवर गेली आणि गायला लागली. ‘भाजलेले हात बघ’, आणि सभागृहभर चुटक्या तडतडल्या. वहिनी थांबली. नणंदही थांबली. वहिनीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चुटक्या, थोड्या कमी, थोड्या गोंधळलेल्या. वहिनी पुन्हा थांबली. संयोजक कडेला उभा राहून हातवारे करत होता.

“चुटकी नको,” वहिनी माइकमध्ये म्हणाली.

पहिल्या रांगेतून चिकणा हसत म्हणाला, “अहो बाई, ती जागा रिकामी आहे. काहीतरी नको का तिथे?”

“रिकामी नाही ती. तिथे आम्ही काम करत होतो.”

पुढचं वाक्य तिने सुरू केलं तेव्हा माइक मेला होता. बंद पडला की पाडला, ते संयोजकालाच विचारा. वहिनीने तो स्टँडसकट बाजूला सरकवला. जिने आयुष्यभर यंत्रांच्या वरताण आवाज काढला, तिला असल्या दांडक्याची काय मातब्बरी. तिने नणंदेकडे पाहिलं. “वन्सं, घ्या पुन्हा.”

“गुडघा जाईल माझा, वहिनी,” नणंद म्हणाली, आणि तिने ड्रमच्या काठ्या उचलल्या.

तिसऱ्यांदा तो आवाज उघडाच सभागृहात गेला, शेवटच्या खुर्चीपर्यंत. त्यात आता खरखर होती, पण धार तीच. ‘नाव काय विचारतोस, हात बघ.’ वहिनीने दोन्ही हात वर केले. मनगटापासून कोपरापर्यंत जुने पांढरट डाग. ‘भाजलेले हात बघ.’

चिकण्याचा हात सवयीने वर गेला. बोटं एकमेकांवर टेकली. आणि तशीच राहिली.

कुणीच काही वाजवलं नाही. एवढ्या माणसांचं सभागृह गप्प. त्या गप्पपणात फक्त एक बारीकसा आवाज आला. ड्रमच्या बाजूला, जिथे पेडल वगैरे काही नव्हतं, तिथे नणंदेचा दुखरा पाय लाकडी फळीवर घट्ट दाबला गेला होता. इतकी वर्षं, प्रत्येक वेळी, प्रेस नसतानाही ती तो दाबतच आली होती. वहिनीला हे कधी कळलंच नव्हतं. ती हलली नाही. चादर कडक व्हायला वेळ लागतो, तेवढा तिने लागू दिला.

मग नणंदेने पाय उचलला, आणि वहिनी पुढच्या शब्दापासून सुरू झाली.